घोरपडीची कातडी: नाटकासाठी अंगाबरोबर बसणारा रबरी पोशाख कसा करावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फिरोदिया करंडकासाठी (पुण्यातली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा) तुम्ही सिंहगडाच्या दंतकथेवर नाटक बसवताय आणि गोष्ट सांगणारी घोरपड एक नर्तिका करणार आहे. तिला सरपटायचंय, दोरावर चढायचंय, मध्ये एक नाच आहे आणि जवळजवळ पूर्ण वेळ ती रंगमंचावर आहे. मानेपासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटलेली रबरी कातडी हवी. तुमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे की लेटेक्स ब्रशने थेट अंगावर लावावं, काहींचं म्हणणं आहे की जुन्या सुती टी-शर्टवर आणि लेगिंगवर लावावं. हातात दोन महिने आहेत, शिवणयंत्र आहे, एक मूर्तिकाम शिकलेला मित्र आहे.

जमेल, आणि चांगलं जमेल. पण अंगावर थेट लावायचा विचार आजच सोडा, आणि पोशाख अख्खाच्या अख्खा रबराचा हवा हा हट्टही सोडा. नाटकासाठी असे पोशाख करताना मी एकच नियम पाळते: अंगाला कापड, नजरेला रबर. सांधे जिथे वळतात तिथे कापड मोकळं ठेवायचं आणि प्रेक्षकाची नजर जिथे जाते तिथे रबर चढवायचं. पुढचं सगळं या नियमातूनच निघतं.

थेट अंगावर का नको ते आधी सांगते. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तो नासू नये, फुटू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. तो कातडीला झोंबतो, डोळ्यांतून पाणी काढतो. वाळलेलं रबर अंगावरच्या बारीक लवेला धरून बसतं आणि सोलताना ती मुळासकट निघते. रंगभूषाकार जखम किंवा सुरकुत्या दाखवायला वापरतात ते लेटेक्स कमी अमोनियाचं असतं आणि तेही बोटभर जागेपुरतं. अंग पूर्ण झाकलं की कातडीला श्वास घेता येत नाही आणि माणूस गुदमरतो, असंही कोणीतरी तुम्हाला सांगेल. ते खरं नाही. श्वास आपण फुफ्फुसांनी घेतो. खरा धोका उष्णतेचा आहे. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं. रबराखाली घाम येत राहतो पण वाळत नाही, त्यामुळे शरीराची स्वतःला निववण्याची वाटच बंद होते. वर रंगमंचाचे दिवे, नाच आणि दोर चढण्याची मेहनत. त्यात नर्तिका चक्कर येऊन पडू शकते, आणि इथे ती दोरावर असणार आहे.

दुसरी गोष्ट तिला आजच विचारा: फुगा फुगवताना ओठ सुजतात का, रबरी हातमोजे घातले की खाज येते का, पुरळ उठतं का? नैसर्गिक रबरातल्या प्रथिनांची काही जणांना तीव्र ॲलर्जी असते, आणि त्यातल्या काहींना केळं, पपई, किवी, ॲव्होकॅडो या फळांचाही त्रास होतो. यातलं काहीही असेल तर लेटेक्सचं नाव काढू नका आणि तिला आधी डॉक्टरांकडे पाठवा. मग खवले पातळ ईव्हीए फोमचे (चपलांच्या तळव्यांना असतो तो हलका फोम) कापा. दिसायला थोडे ताठ वाटतील, पण चालतील. तिला कसलाच त्रास नसेल तरीही वाळलेल्या लेटेक्सचा रुपयाएवढा तुकडा कोपराच्या आतल्या बाजूला काही तास चिकटपट्टीने बांधून बघा.

लेटेक्सच्या तयार पातळ शीटचे चकचकीत पोशाख तुम्ही इंटरनेटवर पाहिले असतील आणि तसंच काहीतरी तुमच्या मनात असेल. ती वेगळी कला आहे. बहुतेक वेळा ०.४ मिलिमीटरच्या आसपासची शीट घेतात, फर्मा (कापायचा नमुना) अंगाच्या मापापेक्षा थोडा लहान कापतात, शिवण अजिबात घालत नाहीत. कडा साधारण सेंटिमीटरभर एकमेकींवर चढवून रबर सोल्युशनने चिकटवतात: दोन्ही कडा पुसून घ्यायच्या, दोन्हींना सोल्युशन लावायचं, बोटाला ओलं न लागता नुसतं चिकट लागेपर्यंत थांबायचं, मग एकदाच नेमकं ठेवून रूळ फिरवायचा. गुळगुळीत परग्रहवासी करायचा असता तर मी तुम्हाला हीच वाट सांगितली असती. पण त्या शीटला नखाचा एक ओरखडा पुरतो, तिथून चीर धावत जाते. फळीवर गुडघ्यांनी सरपटणाऱ्या आणि दोराला मांड्या घासणाऱ्या नर्तिकेला ती टिकणार नाही. शिवाय घोरपड चकचकीत नसते.

सुती टी-शर्टवर लेटेक्स लावायची कल्पना बरोबर दिशेची आहे, पण कापड चुकलंय. सुती होजिअरी एकदा ताणली की पूर्ण परत येत नाही. वर लेटेक्स चढलं की ती पुठ्ठ्यासारखी होते आणि कोपरात, गुडघ्यात घड्या पडतात. तुम्हाला दोन्ही बाजूंनी ताणलं जाणारं लायक्राचं कापड हवं. दुकानात फोर-वे म्हणून मागा. पुण्यात रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर मिळेल. दुकानातच उभं आणि आडवं दोन्हीकडे ताणून बघा, सोडल्यावर चटकन जागेवर येतंय ना ते पाहा. पांढरं घेऊ नका. घोरपडीच्या अंगाच्या जवळचा मातकट, शेवाळी किंवा करडा रंग घ्या, म्हणजे सांध्यांत जे कापड उघडं राहणार आहे ते वेगळं रंगवावं लागणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: पुतळा. तिच्या मापाचा पुतळा नसेल तर हा पोशाख होणार नाही. कारण असं आहे की लायक्राचा पोशाख अंगापेक्षा लहान शिवतात आणि घातल्यावर तो ताणून बसतो. तो टेबलावर सपाट ठेवून लेटेक्स लावलंत तर रबर न ताणलेल्या मापाचं होईल. ती तो चढवायला गेली की एकतर चढणार नाही किंवा रबर कापडावरून उचकटेल. लेटेक्स लावताना कापड तिच्या अंगावर असेल तेवढंच ताणलेलं हवं, आणि तासन्‌तास तशी उभी राहायला ती काही मोकळी नाही.

पुतळा करायला तिला जुना, फेकायचा टी-शर्ट आणि लेगिंग घालायला सांगा, मानेला स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळा आणि वरून कापडी चिकटपट्टीचे वीतभर तुकडे एकमेकांवर चढवत दोन थर द्या. रीळ थेट अंगाभोवती फिरवत जाऊ नका, ते आवळत जातं; तुकडे फाडूनच लावा. छातीवर आणि पोटावर पट्टी लावताना तिने श्वास भरून घेतलेला असू दे. या कामात माणूस बराच वेळ हलत नाही, पायांत रक्त साचतं आणि भोवळ येते. म्हणून पंखा, पाणी, टेकायला स्टूल आणि तिच्याशी बोलत राहणारं एक माणूस हवंच. काम दोन टप्प्यांत करा, आधी कंबरेच्या वरचं, मग खालचं.

ती उभी कशी आहे यावर पुढचं सगळं ठरतं. शिंप्याकडे माप देताना आपण ताठ उभे राहतो. तुमची घोरपड ताठ उभी फारशी राहणारच नाही. पुतळा ताठ केलात तर ती वाकल्यावर पाठीवरचं रबर ताणेल आणि पोटावर घड्या पडतील. तिला थोडं पुढे झुकलेलं, कोपरं आणि गुडघे किंचित वाकवलेले, हात अंगापासून दूर अशा अवस्थेत उभं करा. सरपटणं आणि उभं राहणं यांच्या मधली ही स्थिती दोन्हीकडे पुरते. पट्ट्या लावून झाल्या की कापण्याआधी मार्करने मधली रेषा, कंबर, छाती, कोपर, गुडघा आणि जिथे कापणार त्या रेषेवर आडव्या खुणा करा. दवाखान्यात बँडेज कापायला असते तशी बोथट टोकाची कात्री घेऊन पाठीच्या मधोमध कापा. खुणा जुळवून परत चिकटवा, आत वर्तमानपत्र आणि उशीचा कापूस ठासून भरा, मधून पीव्हीसी पाइप घाला. पट्ट्या, कापडी टेप, पाइप, प्लॅस्टिक हे सगळं बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. शेवटी पुतळ्याला प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळा, नाहीतर कापडातून झिरपलेलं लेटेक्स त्याला धरून बसेल.

लायक्राचा पोशाख शिवायला तुम्हाला नेहमीची मापं तर लागतीलच, पण एक माप बहुतेक जण घेत नाहीत आणि नेमकं तेच घात करतं: खांद्याच्या मध्यापासून पुढून खाली, दोन पायांच्या मधून, मागून वर परत त्याच खांद्यापर्यंत. हे माप ती उभी असताना घ्या आणि ओणवी असतानाही घ्या. फरक बघून तुम्हीच चकित व्हाल. मोठं माप धरा. घेरात दहा टक्के कमी करायला हरकत नाही, पण या लांबीत जवळजवळ काहीच कमी करू नका. नाहीतर ओणवी झाली की खांदे खाली ओढले जातील आणि हात वर जाणार नाही. बगलेत आणि दोन पायांच्या मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची कळी घाला. दोर चढताना हात डोक्याच्या वर जातो, तेव्हा ही बगलेतली कळीच पोशाख वाचवते. सुई होजिअरीची, गोल टोकाची. टाका झिगझॅग किंवा ओव्हरलॉक. साधा सरळ टाका पहिल्याच तालमीत तटातट तुटेल.

चेन पाठीवर, मानेपासून माकडहाडापर्यंत, आणि नायलॉनची किंवा प्लॅस्टिकच्या दातांची. पितळी चेन अजिबात नको. तांबं आणि पितळ रबराला लागलं की रबरावर डाग पडतात आणि ते लवकर खराब होतं. हाच नियम बटणांना, आकड्यांना आणि तिच्या हातातल्या तांब्याच्या कड्याला.

लेटेक्स कुठून आणायचं हा तुमचा प्रश्न पुण्यात सोपा आहे, कारण गणपतीच्या मूर्तींचे रबरी साचे करणारे कारागीर तेच वापरतात. तुमच्या मूर्तिकार मित्राला विचारा, तो 'रबराचं दूध' म्हणून ओळखत असेल. झाडापासूनचा माल मुख्यतः केरळातून येतो. घेताना दोन प्रकार असतात हे लक्षात ठेवा. एक कच्चं, आणि एक आधीच गंधकाची प्रक्रिया केलेलं, ज्याला प्री-व्हल्कनाइज्ड म्हणतात. तुम्हाला दुसरं हवं. दुकानदाराला नक्की सांगता येत नसेल तर थोडं काचेवर पसरून वाळवा, सोला आणि ताणून सोडा. झटकन मूळ मापावर आलं तर बरोबर. सैल पडलं, बोटाला चिकट लागलं तर कच्चं. कच्च्याचा पोशाख दिव्यांच्या उष्णतेत स्वतःलाच चिकटतो.

किती लागेल त्याचा हिशोब देते, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत. चांगल्या लेटेक्समध्ये वजनाने सुमारे ६० टक्के रबर असतं, बाकी बहुतेक पाणी. प्रौढ माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ साधारण १.७ चौरस मीटर धरा. अख्ख्या अंगावर एक मिलिमीटर जाडीचं रबर चढवायचं तर सुमारे १.६ किलो रबर, म्हणजे पावणेतीन लिटर लेटेक्स लागेल. आपण अंगाचा निम्माच भाग झाकणार आहोत. तेव्हा दीड लिटरच्या आत काम होतं. सांडलवंड, चाचण्या आणि शेपूट धरून अडीच लिटर आणा. यातून आणखी एक गोष्ट कळते: निम्म्या अंगाचं रबर पाऊण किलोच्या आसपास भरतं. तेवढं अंगावर घेऊन नाचता येतं.

खवले करताना आधी खरी घोरपड कशी असते ते नीट समजून घ्या. तिच्या पाठीवरचे खवले मासळीसारखे एकमेकांवर चढलेले नसतात. बारीक, गोलसर, दाण्यांसारखे शेजारी शेजारी असतात. पोटाकडे ते आडव्या ओळींत, चौकोनी होत जातात. मानेची कातडी सैल, तिच्यावर आडव्या वळ्या. मोठी घोरपड मातकट-करडी आणि वर काळसर ठिपके, पिल्लं जास्त उजळ. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन सरपटणाऱ्या प्राण्यांचे कोपर आणि बगला बघा, कातडी कुठे दुमडते ते वहीत काढा. खऱ्या कातडीवरून ठसा घ्यायचा असं कोणी सुचवलं, घरातला जुना कंजिरा (खंजिरीसारखं वाद्य) पुढे केला, तरी नको म्हणा. पूर्वी कंजिऱ्याला घोरपडीचं कातडं लावत, पण घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे.

खरे खवले मात्र रंगमंचासाठी फार लहान आहेत. भरत नाट्य मंदिराच्या मधल्या रांगेतून ते दिसणारच नाहीत, नुसता खरखरीत पृष्ठभाग दिसेल. पाठीच्या कण्यावर एक सेंटिमीटरपर्यंतचे दाणे घ्या, बरगड्यांकडे लहान करत न्या, आणि कडेला अगदी बारीक करून विरून जाऊ द्या. मोठ्याकडून लहानाकडे जाणारा हा उतार नजरेला अंगाचा आकार दाखवतो. सगळीकडे सारखे दाणे केले तर छापील कापड वाटतं.

तुमचा मित्र इथे उपयोगी पडेल. लाकडी फळीवर शाडूचा बोटभर जाडीचा थर पसरा, त्यावर हे खवले कोरा किंवा दाबून उठवा, भोवती पट्ट्यांचं कुंपण घाला आणि वर प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. शाडू काढून टाकली की साचा तयार. तो पूर्ण वाळला पाहिजे. प्लास्टर लेटेक्समधलं पाणी शोषून घेतं म्हणून तर रबर त्यावर धरतं, आणि ओला साचा काही शोषत नाही. साच्यात तेल किंवा व्हॅसलिन लावू नका. तेल रबराचा शत्रू आहे, खोबरेल सुद्धा. पहिला हात पातळ लावा आणि ब्रशच्या टोकाने प्रत्येक खळग्यात टोचत जा, हवेचा बुडबुडा राहिला की त्या खवल्याला भोक पडतं. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर दहा मिनिटांत त्याचा दगड होईल. लेटेक्स लावताना दुधासारखं पांढरं असतं, वाळत आलं की पिवळसर आणि अर्धपारदर्शक होतं. कुठेही पांढरं दिसत नाही तोवर पुढचा हात नको. चार ते पाच हात पुरतात. कडेला मात्र दोनच हात द्या, म्हणजे कडा पातळ राहतील आणि कापडात मिसळतील.

काढायच्या आधी वरून शंखजिऱ्याची पूड भुरभुरवा. हे विसरलात तर सोलताना तुकडा स्वतःवरच दुमडतो, चिकटतो आणि मग सुटत नाही. एक कोपरा नखाने उचला, आत पूड टाका, अजून थोडं उचला, परत पूड. दाणा न दाणा उठलेला तुकडा साच्यातून सुटून येतो तेव्हा तुमच्या पूर्ण चमूला कामाचा हुरूप येईल. असे तुकडे जितके हवे तितके त्याच साच्यातून निघतात.

रंग लेटेक्समध्येच घाला. भिंतीच्या रंगात घालायचे पाण्यातले स्टेनर चालतात. ओलं असताना जो रंग दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर बराच गडद होतो, म्हणून आधी नमुना वाळवून बघा. वरून नुसता ॲक्रिलिक मारू नका. ताण पडला की तो तडकतो आणि पापुद्रे गळतात. वरचे रंगही लेटेक्समध्येच कालवून लावा. आधी गडद रंग सगळीकडे, खळग्यांत जाईल असा. मग जवळजवळ कोरड्या ब्रशवर फिकट मातकट रंग घेऊन, कागदावर पुसून, दाण्यांच्या माथ्यांवरून हलकेच फिरवा. फक्त माथे उजळतात, खळगे काळे राहतात आणि लांबूनही खवला सुटा दिसतो. हिरव्याचा अंश कमीच ठेवा. पिवळसर दिव्याखाली हिरवा मळकट दिसतो, आणि प्रकाशयोजना करणाऱ्याला विचारल्याशिवाय अंतिम रंग ठरवू नका.

तुकडे पुतळ्यावर चढवलेल्या पोशाखावर लावायचे. पाठ, खांद्यांचा वरचा भाग, दंडाची आणि मांडीची बाहेरची बाजू, पोटरीचा मागचा भाग. बगल, कोपराचा आतला खळगा, गुडघ्यामागचा भाग, जांघ आणि बरगड्यांच्या कडा मोकळ्या. घाम बाहेर पडायला एवढीच जागा आहे, ती झाकू नका. मांडीच्या आतल्या बाजूलाही रबर नको, कारण दोर तिथेच घासतो. चिकटवायला लेटेक्सच घ्या: तुकड्याच्या मागची पूड ओल्या फडक्याने पुसा, कापडावर पातळ हात, तुकड्यावर पातळ हात, मग मधून बाहेरच्या दिशेने दाबत जा. जिथे ओढ जास्त आहे, उदाहरणार्थ खांद्यावर, तिथे चपलांच्या कामाला वापरतात तो फेविकॉल एसआर लावा. त्याचा वास डोक्यात जातो आणि वाफ पेट घेते, म्हणून खिडक्या उघड्या आणि आसपास गॅस किंवा उदबत्ती नको. शेवटी तुकड्याच्या कडा स्पंजने लेटेक्सचे ठिपके देत कापडात विरवून टाका आणि उघड्या लायक्रावरही त्याच रंगाचे विरळ ठिपके द्या. रबर कुठे संपलं आणि कापड कुठे सुरू झालं हे प्रेक्षकाला कळत नाही. माझ्या मते अख्ख्या पोशाखात हे काम सगळ्यात मोलाचं आहे, त्याला घाईच्या शेवटच्या रात्रीत ढकलू नका.

चेन पाठीवर आहे आणि पाठीवरच सगळ्यात मोठे खवले आहेत. म्हणून कण्यावरची रांग एकाच बाजूला चिकटवा आणि दुसऱ्या बाजूवर झडपेसारखी येऊ द्या, खाली वेल्क्रोचे छोटे तुकडे.

मान वेगळी करा. डोक्यापासून छातीपर्यंत एकसंध रबर केलं की मान वळत नाही. १९८९ च्या 'बॅटमॅन' चित्रपटात मायकल कीटनचा मुखवटा असाच मानेसकट होता आणि त्याला नुसतं डोकं फिरवता येत नव्हतं, सगळं अंग वळवावं लागे. २००८ च्या 'द डार्क नाइट' या बॅटमॅनच्याच चित्रपटात मुखवटा आणि मान वेगळे केले तेव्हा कुठे तो प्रश्न सुटला. तुमच्या नर्तिकेचा चेहरा उघडाच ठेवा आणि रंगभूषेने सजवा, तिला बोलायचंय. मानेला सैल वळ्यांचा एक वेगळा पट्टा करा, जो पोशाखाच्या गळ्यावर नुसता टेकेल.

शेपूट पोशाखाला शिवू नका. तिचं वजन कापडाला मागे ओढतं आणि गळा आवळतो. कंबरेला पोशाखाच्या आतून रुंद पट्टा बांधा, शेपूट त्याला अडकवा आणि पोशाखातल्या फटीतून बाहेर काढा. आत गादीवाल्याकडचा हलका फोम, निमुळता कापलेला, वर लायक्रा आणि फक्त वरच्या बाजूला खवले. दोराच्या प्रसंगात ती पटकन सोडता यावी म्हणून अडकवण्याला क्लिप असू दे.

गुडघ्यांना आतून खिसा शिवून त्यात ईव्हीए फोमची गादी. तळहात, बोटं आणि तळपाय उघडे, रंगवलेले. दोरावर हाताची पकड उघड्या कातडीचीच हवी, आणि तिथे रबरासाठी कोणी कितीही आग्रह धरला तरी ऐकू नका.

वेळेचं म्हणाल तर पोशाख प्रयोगाच्या किमान दोन आठवडे आधी तिच्या हातात पडला पाहिजे. सध्या हवा कोरडी आहे, त्यामुळे लेटेक्स भराभर वाळेल. ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत हेच काम करायचं तर दुप्पट वेळ धरावा लागतो. पहिल्या तालमीत तो दहा मिनिटंच घालू द्या, मग वीस, मग नाचासकट. अख्खा प्रयोग एकदा तरी दिव्यांखाली, पोशाख घालून झाला पाहिजे आणि नंतर तिला कसं वाटलं ते तिनेच सांगायचं. दिग्दर्शकाने ठरवायचं नाही. आत पातळ, घाम शोषणारी बनियन घालू दे. घालण्याआधी अंगाला तेल किंवा क्रीम नको, शंखजिऱ्याची पूड चालेल. विंगेत पंखा, मीठ-साखरेचं पाणी आणि ओला टॉवेल ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, अंगावर काटा येणं किंवा बोलण्यात गोंधळ यातलं काहीही दिसलं तर प्रयोग थांबवून पोशाख काढा. चेनच्या टोकाला लांब नाडी बांधा आणि ती कुठे आहे हे विंगेतल्या दोघांना माहीत असू दे. चेन अडकली तर बँडेजच्या कात्रीने बाजूची शिवण सरळ कापा. शिवण परत घालता येते.

प्रयोग झाला की पोशाख लगेच उलटा करून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. उन्हात रबर तडकतं. पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाजूंना पूड लावून, रबरावर रबर येणार नाही अशा बेताने मधे सुती कापड घालून, प्लॅस्टिकच्या रुंद हँगरवर काळ्या पिशवीत ठेवा. घडी घातलीत तर घडीच्या जागी खवले फुटतात. अंतिम फेरीला गेलात तर आदल्या दिवशी कडा तपासून सुटलेल्या जागी स्पंजने लेटेक्सचा एक हात द्या. वाळायला रात्रभर सोडा.